प्राइम लेन्सच्या फोटोंत डोळे वारंवार सॉफ्ट का येतात : कारण ओळखण्याची रीत

मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट झूमनंतर बहुतेक जण जी पहिली प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेतात, ती फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी ५० मिमी एफ/१.८ किंवा एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी ३५ मिमीच्या आसपासची एफ/१.८ अथवा एफ/२ ची असते. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम अवघी १६० ग्रॅमची आहे, फुजीफिल्मची एक्सएफ ३५ मिमी एफ/२ १७० ग्रॅमची, तर सोनीची एफई ५० मिमी एफ/१.८ १८६ ग्रॅमची. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे. किट झूम ५० मिमीवर साधारणपणे एफ/५.६ पर्यंत बंद झालेली असते. त्या तुलनेत एफ/१.८ वर सुमारे साडेनऊपट प्रकाश सेन्सरवर पोहोचतो, आणि घरातले किंवा मंगल कार्यालयातले फोटो फ्लॅशशिवाय शक्य होतात ते यामुळेच. या लेन्सबद्दलची तक्रारही सगळीकडे सारखीच ऐकू येते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उत्तम दिसलेला फोटो संगणकावर पूर्ण आकारात पाहिला की डोळे सॉफ्ट, म्हणजे पुरेसे तीक्ष्ण नसलेले, असतात. तेही प्रत्येक फोटोत नव्हे, तर मधूनच. एकाच प्रकाशात, एकाच जागी काढलेल्या लागोपाठच्या फोटोंपैकी एक लख्ख आणि पुढचा निस्तेज आला, की संशय लेन्सवर जातो.

तो संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे ठाम मत आहे. लेन्स खरोखरच सदोष असेल तर ती सातत्याने आणि एकाच पद्धतीने सदोष फोटो देते. कधी चांगला आणि कधी वाईट असा निकाल येतो, तेव्हा कारण प्रत्येक वेळी बदलणाऱ्या गोष्टींत शोधावे लागते : अंतर, हालचाल, फोकस बिंदूची जागा आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते ते). यांपैकी नेमके कोणते कारण आहे, याचा पुरावा बिघडलेल्या फोटोतच असतो. म्हणून ते फोटो डिलीट करू नयेत; निदानासाठी चांगल्या फोटोंपेक्षा तेच अधिक उपयोगी पडतात.

डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, काळातला एक सल्ला इथे आधीच बाजूला ठेवावा लागेल. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारे घटक आरशाखाली वेगळे असत आणि प्रतिमा दुसऱ्याच ठिकाणी, म्हणजे सेन्सरवर, तयार होत असे. या दोन मार्गांच्या लांबीत किंचित तफावत असली तरी फोकस कायम पुढे किंवा कायम मागे पडे, आणि ती तफावत भरून काढण्यासाठी मायक्रो ॲडजस्टमेंटची सोय दिलेली असे. मिररलेस कॅमेरा फोकस मोजतो तो प्रत्यक्ष प्रतिमेच्या सेन्सरवरच. त्यामुळे त्याच माउंटच्या मूळ लेन्ससाठी अशा कॅलिब्रेशनची गरज सहसा उरत नाही. तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीचे फोटो काढून लेन्स 'फ्रंट फोकस' करते का, हे तपासण्यात घालवलेल्या संध्याकाळीतून फारसे हाती लागत नाही. ती मोजपट्टी एका वेगळ्या कामासाठी मात्र फार उपयोगी आहे. ते पुढे सांगतो.

फोटोत कुठेतरी काहीतरी तीक्ष्ण आहे का?

बिघडलेला फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडावा आणि डोळे सोडून बाकी सगळीकडे पाहावे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हा निर्णय करू नये, कारण केवळ रॉ (प्रक्रिया न केलेले मूळ) फोटो काढत असाल तर काही कॅमेरे त्या फाइलमध्ये कमी आकाराची पूर्वप्रतिमा साठवतात, आणि ती मोठी करून पाहिली की नीट फोकस झालेला फोटोही सॉफ्ट दिसतो.

डोळे सॉफ्ट आहेत, पण कानावरचे केस, नाकाचा शेंडा, खांद्यावरची जर किंवा मागच्या भिंतीवरचा रंग तीक्ष्ण आहे, असे दिसले तर लेन्स आणि शटर स्पीड दोन्ही निर्दोष आहेत. फोकसचे प्रतल, म्हणजे ज्या अंतरावर सगळे तीक्ष्ण येते ती पातळी, चुकीच्या ठिकाणी पडले आहे. फोटोत कुठेच काही तीक्ष्ण नाही आणि प्रत्येक प्रकाशबिंदू एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसतो, तर कॅमेरा हलला आहे. मागची खुर्ची स्पष्ट आहे, पण माणसाचा चेहरा किंवा हात ओढल्यासारखा दिसतो, तर माणूस हलला आहे. आणि चौथी शक्यता अशी, की पापण्यांचे तपशील दिसतात, पण त्यांच्यावर धुक्याचा पातळ थर पसरल्यासारखे वाटते. या चारही स्थितींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर प्रश्न वाढतो. माणूस हलल्यामुळे बिघडलेल्या फोटोवर उपाय म्हणून ॲपर्चर एफ/४ केले, तर प्रकाश कमी होतो, शटर आणखी मंद होते आणि पुढचा फोटो आणखी बिघडतो. वारंवार येणारी ही अडचण मिटत नाही, ती बहुधा अशा अदलाबदलीमुळेच.

पहिल्या स्थितीत, म्हणजे प्रतल चुकले असताना, ते पुढे पडले की मागे हे पुष्कळदा कडांच्या रंगावरून कळते. मोठ्या ॲपर्चरच्या लहान लेन्समध्ये सगळे रंग एकाच प्रतलावर येऊन मिळत नाहीत. त्यामुळे फोकसच्या पुढच्या भागात गडद-उजळ कडांवर जांभळट-गुलाबी आणि मागच्या भागात हिरवट किनार उमटते. काळ्या पापण्यांच्या किंवा चश्म्याच्या काड्यांच्या कडांना हिरवी छटा दिसली, तर डोळे प्रतलाच्या मागे राहिले आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने नाक किंवा त्याच्याही पुढचे काहीतरी पकडले आहे. छटा जांभळट असेल, तर फोकस कान-केसांवर किंवा पार्श्वभूमीवर गेला आहे. संगणकावरील प्रणालीतील रंगकिनार काढण्याची सोय बंद ठेवूनच हे पाहावे, नाहीतर पुरावाच पुसला जातो. आपल्या लेन्समध्ये हे रंग कसे दिसतात, याची ओळख करून घेण्यासाठी ती तिरकी मोजपट्टी वापरावी : मधल्या आकड्यावर फोकस करून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर एक फोटो काढला, की पुढच्या आणि मागच्या आकड्यांच्या कडांतला फरक कायमचा लक्षात राहतो.

हाताशी किती जागा आहे

प्रतल का चुकते हे समजण्यासाठी काही आकडे डोळ्यांसमोर हवेत. फुलफ्रेम कॅमेरा, ५० मिमी लेन्स आणि एफ/१.८ घेतले, तर नेहमीच्या तक्त्यांतील निकषाने (सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका तीक्ष्ण मानून) १ मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे तीक्ष्ण दिसणाऱ्या भागाची खोली, सुमारे ४ सेंमी येते, दीड मीटरवर ९ सेंमीच्या थोडे वर, तर ६० सेंमीवर दीड सेंमीहूनही कमी. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरीने ६ सेंमीपेक्षा थोडे अधिक असते. चेहरा ४५ अंशांत वळला, की एक डोळा दुसऱ्यापेक्षा सुमारे साडेचार सेंमी दूर जातो. म्हणजे १ मीटरवरून वळलेल्या चेहऱ्याचे दोन्ही डोळे एफ/१.८ वर तीक्ष्ण येणे शक्यच नाही. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि फोटो घेणाऱ्याचाही नाही.

तक्त्यातला हा निकषसुद्धा उदार आहे. तो लहान छापील प्रतीकडे हातभर अंतरावरून पाहणाऱ्या माणसासाठी ठरला आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००६ मिमी असते. म्हणजे तक्ता ज्याला 'तीक्ष्ण' म्हणतो तो ठिपका पाच पिक्सेल रुंद असू शकतो, आणि पडद्यावर शंभर टक्के आकारात तो सॉफ्टच दिसणार. दोन पिक्सेलचा कडक निकष लावला, तर १ मीटरवरचे ते ४ सेंमी दीड सेंमीच्या आसपास येतात. व्ह्यूफाइंडरमध्ये हे कळत नाही, कारण २३.६ लाख डॉट्सचा व्ह्यूफाइंडर प्रत्यक्षात १०२४ × ७६८ पिक्सेलचाच असतो. त्यात नाक, डोळे आणि कान सगळेच फोकसमध्ये असल्यासारखे भासतात.

यावर सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय म्हणजे एक पाऊल मागे जाणे. १ मीटरऐवजी दीड मीटरवरून फोटो काढला, तर खोली दुपटीहून जास्त होते, प्रकाशाचा तिळमात्रही तोटा होत नाही आणि चेहऱ्याची ठेवणही अधिक नैसर्गिक येते. २४ मेगापिक्सेलमधून नंतर थोडे क्रॉप केल्याने सर्वसाधारण वापरात काही बिघडत नाही. ॲपर्चर एफ/२.८ करणे हा दुसरा उपाय. त्याने दीड मीटरवर साडेचौदा सेंमी मिळतात, पण त्यासाठी सव्वा स्टॉपहून थोडा अधिक प्रकाश सोडावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). प्रकाश भरपूर असेल तिथे तो जरूर सोडावा. वधू-वर शेजारी उभे आहेत आणि दोघांचे चेहरे हवे आहेत, अशा ठिकाणी तर एफ/१.८ चा आग्रह धरण्यात अर्थच नाही.

फोकस करून मग फ्रेम हलवणे

मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करायचे, बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि मग कॅमेरा वळवून हवी ती रचना करायची, ही सवय जुन्या कॅमेऱ्यांपासून अनेकांच्या हातात बसली आहे. एफ/५.६ वर ती निभावून जाते. एफ/१.८ वर मात्र इथे शुद्ध भूमिती आडवी येते : कॅमेरा वळला की त्याच्याबरोबर फोकसचे प्रतलही वळते, आणि डोळा त्या प्रतलाच्या पुढे राहतो. ५० मिमी लेन्सने उभ्या फ्रेममध्ये डोळे वरच्या कडेच्या बरेच जवळ आणले, तर कॅमेरा साडेतेरा अंशांनी वळतो आणि १ मीटर अंतरावर प्रतल डोळ्यांच्या सुमारे पावणेतीन सेंमी मागे जाते. उपलब्ध ४ सेंमींपैकी डोळ्यांच्या बाजूचा वाटा जेमतेम २ सेंमी असतो. फोटोत कान लख्ख आणि डोळे जांभळट किनारीचे दिसत असतील, तर हेच झाले आहे असे निःशंकपणे समजावे. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस बिंदू फ्रेमच्या जवळजवळ कुठेही नेता येतो. त्यामुळे आधी रचना ठरवून मग बिंदू डोळ्यावर न्यावा किंवा आय-डिटेक्शन (डोळा आपोआप ओळखून फोकस करणारी सोय) चालू ठेवावे.

कॅमेरा स्थिर ठेवूनही प्रतल चुकते, तेव्हा ऑटोफोकसची पद्धत तपासावी. एएफ-एस पद्धतीत, जिला कॅनन 'वन शॉट' म्हणते, बटण अर्धे दाबल्यावर फोकस एकदाच होऊन तिथेच थांबतो. त्यानंतर शटर उघडेपर्यंत उभा माणूस आणि उभा छायाचित्रकार हे दोघेही नकळत डुलत असतात, आणि दोघांचे डुलणे मिळून दोन-तीन सेंमींचा फरक सहज पडतो. म्हणून जिवंत माणसाचा फोटो १ मीटरच्या आसपासून मोठ्या ॲपर्चरवर काढायचा असेल, तर एएफ-सी, म्हणजे कॅननच्या भाषेत 'सर्वो', ही सतत फोकस करत राहणारी पद्धत वापरावी. तिच्यातही एक मेख आहे. अनेक कॅमेऱ्यांत एएफ-सीसाठी 'रिलीज प्रायॉरिटी' असते, म्हणजे फोकस झालेला असो वा नसो, बटण दाबताच फोटो निघतो. मेनूमध्ये ती 'फोकस प्रायॉरिटी' करून पाहावी. काही फोटो हुकतील, पण निघालेले फोटो कामाचे असतील. आणखी एक गोष्ट लेन्स घेण्यापूर्वीच पाहावी, ती अशी की प्रत्येक लहान लेन्स एएफ-सी करू शकते असे नाही. पॅनासोनिकची २००९ मधली लोकप्रिय २० मिमी एफ/१.७ ही लेन्स एएफ-सीला साथ देत नाही. तिच्याकडून धावत्या मुलाचा पाठलाग करण्याची अपेक्षाच ठेवू नये.

आय-डिटेक्शन चालू असतानाही फसवणूक होते, ती डोळ्यांच्या पुढे असलेल्या वस्तूंमुळे. चश्म्याची चकाकणारी फ्रेम, कपाळावर आलेली बट, आणि आपल्याकडच्या लग्नात मुंडावळ्यांचे सर आणि मोत्यांची नथ. नथ डोळ्यांपेक्षा दोन-तीन सेंमी पुढे असते आणि तिच्यात उजळ-गडद फरक भरपूर असतो. मोठ्या चौकोनी झोनमध्ये जवळची आणि ठळक वस्तू पकडण्याकडे ऑटोफोकसचा कल असल्यामुळे नथ उत्कृष्ट येते आणि डोळ्यांवर हिरवट किनार उमटते. अशा वेळी सर्वांत लहान आकाराचा एकच बिंदू निवडून तो अलीकडच्या डोळ्यावर ठेवावा. कॅमेऱ्यात डावा किंवा उजवा डोळा निवडण्याची सोय असेल, तर तीही वापरावी. मागचा पडदा टचपॅडसारखा वापरण्याची सोय चालू असेल, तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना नाक पडद्यावर टेकून बिंदू भलतीकडे सरकतो. फोकस कारण नसताना एका कोपऱ्यात जात असेल, तर सर्वप्रथम ही सोय बंद करावी.

फोकस लागतच नसेल, लेन्स पुढेमागे करून थकत असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. तुम्ही किमान अंतराच्या आत तर गेला नाहीत ना? सोनी एफई ५० मिमी एफ/१.८ ची मर्यादा ४५ सेंमी आहे, कॅनन आरएफची ३० सेंमी. आणि फोकस बिंदूखाली केवळ आडव्या रेषा तर नाहीत ना? बहुतेक सेन्सरवरील फेज डिटेक्शन (फोकस मोजण्याची पद्धत) उभ्या रेषांवर चांगले चालते आणि आडव्यांवर अडखळते. कॅमेरा क्षणभर तिरका करून फोकस लागतो का, हे पाहिले की खात्री होते.

हालचाल

प्रकाशाचा हिशेब एकदा करून ठेवावा. रात्री दिवे लावलेल्या दिवाणखान्यात एफ/१.८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर साधारण एक दशांश सेकंदाचे एक्स्पोजर लागते. आयएसओ १६०० वर तेच १/१६० येते आणि ३२०० वर १/३२०. पण ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर कॅमेऱ्याने) आणि ऑटो आयएसओ असेल, तर कॅमेरा आयएसओ वाढवण्याऐवजी पुष्कळदा १/६० च्या आसपास थांबतो, कारण ५० मिमीसाठी तेवढे पुरे असे जुने सूत्र सांगते. ते सूत्र केवळ हाताच्या कंपासाठी आहे. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसासाठी ते अपुरे आहे, आणि कॅमेऱ्यातील स्टॅबिलायझेशन त्याला काहीही मदत करत नाही, कारण ते कॅमेऱ्याची हालचाल थोपवते, माणसाची नाही. ऑटो आयएसओच्या मेनूमध्ये किमान शटर स्पीड ठरवण्याची सोय असते : शांत बसलेल्या माणसासाठी १/१२५, गप्पा मारणाऱ्यांसाठी १/२५० आणि लहान मुलांसाठी १/५०० ठेवावी. त्यामुळे आयएसओ वाढून दाणेदारपणा येईल, तो येऊ द्यावा. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

शटर स्पीड वाढवल्यावर एक नवी अडचण उभी राहू शकते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर १/१०० पेक्षा वेगवान फोटोत आडवे पट्टे उमटतात. मंगल कार्यालयात मेकॅनिकल शटरच वापरावे आणि अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करावे.

धुक्याचा थर

तपशील आहे, पण त्याच्याभोवती उजळ झाक पसरली आहे, अशी स्थिती असेल तर आधी लेन्सची पुढची काच आणि तिच्यावरचा यूव्ही फिल्टर पाहावा. स्वस्त फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा काढला, की तेवढ्याने फरक पडला का ते लगेच कळते. बोटाचा ठसा आणि पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून बाहेर पडताच काचेवर बसणारे दव यांचाही परिणाम असाच दिसतो. हे काहीच नसेल, तर ती या लेन्सची जात आहे. आजच्या स्वस्त ५० मिमी लेन्सच्या रचनेचे मूळ पॉल रुडॉल्फ यांनी त्साइससाठी १८९६ मध्ये केलेल्या प्लॅनारमध्ये आहे; सोनी आणि कॅनन दोन्हींच्या लेन्समध्ये पाच गटांत सहाच काचा आहेत. इतक्या थोड्या काचांनी पूर्ण उघड्या ॲपर्चरवर कडेचे किरण पूर्णपणे आवरता येत नाहीत आणि म्हणून ती झाक येते. एफ/२.८ वर ती बरीचशी नाहीशी होते. चेहऱ्यांसाठी मला ती झाक आवडते आणि एफ/१.८ वर ती मुद्दाम राखण्यात काही गैर नाही, पण कागदपत्रे, दागिने किंवा मूर्तींचे बारीक काम टिपायचे असेल, तर एफ/४ वर जावे.

याच दोषामुळे ॲपर्चर बंद करताना फोकसचे प्रतल किंचित मागे सरकते. काही कॅमेरे ॲपर्चर पूर्ण उघडून फोकस करतात आणि फोटो घेताना ते बंद करतात, तिथे एफ/२.८ किंवा एफ/४ वर जवळून काढलेला फोटो एफ/१.८ पेक्षाही सॉफ्ट येऊ शकतो. निकॉनचे झेड कॅमेरे एफ/५.६ पर्यंत निवडलेल्या ॲपर्चरवरच फोकस करत असल्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. अडॅप्टर लावून जुनी ५० मिमी लेन्स वापरणाऱ्यांनीही निवडलेल्या ॲपर्चरवरच फोकस करावा, आणि फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या, रंगीत कडांवर विसंबू नये. पीकिंगचा पट्टा प्रत्यक्ष खोलीपेक्षा रुंद दिसतो. दृश्य मोठे करून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

लेन्सच सदोष आहे का, हे कसे ठरवावे

वरची सगळी कारणे तपासून झाल्यावरच ही चाचणी करावी. दिवसाउजेडी जांभ्याची किंवा विटांची सपाट भिंत निवडावी, कॅमेरा तिच्याशी समांतर ट्रायपॉडवर बसवावा, स्टॅबिलायझेशन बंद करून दोन सेकंदांचा टायमर लावावा. मध्यभागी फोकस करून एफ/१.८ आणि एफ/५.६ वर एकेक फोटो काढावा, आणि मग चारही कोपऱ्यांवर स्वतंत्रपणे फोकस करून पुन्हा एकेक काढावा. चारही कोपरे सारख्याच प्रमाणात सॉफ्ट असतील, तर ती रचनेची मर्यादा आहे. कोपऱ्यावर फोकस केल्यावर तो कोपरा सुधारत असेल, तर प्रतल वक्र आहे. तोही दोष नव्हे. पण एकच बाजू, तिच्यावर स्वतंत्र फोकस करूनही आणि एफ/५.६ वरही, समोरच्या बाजूपेक्षा स्पष्टपणे मागे राहत असेल, तर आतली काच केंद्रापासून सरकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. खात्रीसाठी कॅमेरा उलटा बसवून चाचणी पुन्हा करावी : फ्रेमची तीच बाजू पुन्हा सॉफ्ट आली तर दोष उपकरणात आहे, आणि भिंतीचा तोच भाग सॉफ्ट राहिला तर कॅमेरा भिंतीशी समांतर नव्हता.

हमीच्या मुदतीत लेन्स सेवा केंद्रात देताना नुसते 'फोटो सॉफ्ट येतात' असे लिहून देऊ नये. भिंतीच्या चाचणीचे मूळ रॉ फोटो, प्रत्येकाचे ॲपर्चर आणि फोकस बिंदूची जागा, आणि कोणती बाजू कोणत्या स्थितीत मागे पडते याचे दोन ओळींचे टिपण सोबत द्यावे, आणि शक्य असेल तर ज्या कॅमेऱ्यावर दोष दिसला तो कॅमेराही बरोबर न्यावा, म्हणजे दोष लेन्सचा की माउंटचा हे तिथेच तपासता येते.